तिसरी बोअर कोरडी गेली. चौथी मारू का?

धुऱ्यावरचा | १९ एप्रिल, रात्री ९:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

गाव वरूड तालुक्यात. साडेतीन एकर संत्रा, चारशे दहा झाडं, सतरा वर्षांची. आजोबांच्या वेळची विहीर ५५ फूट. वडिलांनी पहिली बोअर मारली ती २२० फूट, मी दुसरी मारली ती ६०० फूट. मागच्या आठवड्यात तिसरी मारली. संध्याकाळी सातला गाडी लागली ती पहाटे चारपर्यंत. ८७० फुटांपर्यंत नुसती राखेसारखी भुकटी उडत होती. सकाळी पाहिलं तर धुऱ्याकडच्या तीन ओळींची पानं पांढरी झालेली, पण खड्ड्यातून ओल म्हणून नाही. गाडीवाला एजंट म्हणतो, "अजून अडीचशे फूट जाऊ द्या भाऊ, लाल पट्टा लागला की पाणी फेकते." वडील म्हणतात, आता बस झालं. बायको काही म्हणत नाही, तेच जास्त जड जाते.

त्यात मुलगा नववीत. शाळेने त्याला 'जगातील पाणी' असा प्रकल्प दिलाय. जगातलं ९७.५ टक्के पाणी खारं, गोडं अडीच टक्के. त्या अडीचातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात, साधारण ३० टक्के जमिनीखाली, आणि नद्या-तलावांत एक-सव्वा टक्कासुद्धा नाही. गोल काढून रंगवत होता. मला विचारतो, "बाबा, आपली बोअर कोणत्या रंगात?" मी म्हटलं, जमिनीखालच्या. तर म्हणे, "मग तिथं तर भरपूर आहे, आपल्याले काऊन नाही लागत?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारतो. एक, चौथी मारू का? दोन, पोराला काय सांगू?

खटपट्या | १९ एप्रिल, रात्री १०:०२

पाणाड्या बोलावला होता का? तळहातावर नारळ उभा राहिला की मारा बिनधास्त. आमच्याकडे तीनदा उभा राहिला. बोअर तिन्ही कोरड्या, नारळाची चटणी मात्र चांगली झाली.

मृगबहार | १९ एप्रिल, रात्री १०:३०

मारा. मी मोर्शीकडचा. माझी १०५० फुटांवर लागली, दोन इंच पाणी, तीन वर्षं झाली चालू आहे. बाग वाळवून बसण्यापेक्षा कर्ज परवडलं. सतरा वर्षांचं झाड गेलं तर नवीन लावून फळ यायला पाच-सहा वर्षं. एवढा हिशेब पुरे. जगाच्या पाण्याचं जग पाहून घेईल.

काळा_कातळ | २० एप्रिल, सकाळी ६:१५

मी भूजलाच्या कामातून निवृत्त झालो. धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

मुलाच्या गोलातले ते ३० टक्के सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. पंजाबात, गंगेच्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ-वाळू आहे, तो स्पंज. आपल्या पश्चिम विदर्भाखाली बेसॉल्ट आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक. हा दगड स्वतः पाणी पीत नाही. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात. विहिरींची खोली म्हणूनच पिढ्यान् पिढ्या ४०-६० फूट होती. त्या माणसांना खाली खणता येत नव्हतं असं नाही, खाली फायदा नव्हता. खोल गेलं की भेगा कमी होतात. एखादी सापडली तर ती लॉटरी. त्यातलं पाणी वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं, आपण ते दोन-तीन हंगामांत उपसतो, आणि पुढचा पाऊस तिथं पोचायला फार वेळ लागतो.

शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणे शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांच्या खाली बोअर घ्यायलाच मनाई आहे.

मृगबहार | २० एप्रिल, सकाळी ७:४०

काका, आदर आहे. पण रात्री गाव झोपलं की चार दिशांनी चार गाड्या घरघरतात. त्या अधिनियमाला ऐकू येत नाही का? मी एकटा थांबलो तर पाणी वाचत नाही, शेजाऱ्याच्या बागेत जाते.

खटपट्या | २० एप्रिल, सकाळी ७:५५

आयडी मृगबहार (जूनच्या पावसावर फुटणारा) आणि बाग आंबियाची (हिवाळ्याच्या शेवटी फुटणारी, उन्हाळाभर पाणी मागणारी). मृगाची असती तर मे महिन्यात पाण्यासाठी रडायची वेळच आली नसती. :ड

मृगबहार | २० एप्रिल, सकाळी ८:०१

@खटपट्या, आयडी घेतला तेव्हा मृगच होता. लागोपाठ दोन वर्षं जूनमध्ये पावसाने दगा दिला, फूट आली नाही, मग आंबिया. हसा.

पूर्णामाय | २० एप्रिल, दुपारी १:२०

तुमची भांडणं वाचली. आता आमच्याकडे या. अकोला जिल्हा, पूर्णेकाठ, खारपाणपट्टा. आमच्या विहिरीला ३० फुटांवर पाणी आहे, बारा महिने. काठोकाठ. कोणी भांडत नाही त्याच्यासाठी, कारण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच. भांड्यावर पांढरा थर बसतो तो चिंचेनं घासावा लागतो. सासूबाईंना मूतखडा, मोठ्या जावेला किडनीचा त्रास. घरोघरी हीच कहाणी.

नळयोजनेचं गोडं पाणी कधी पाच दिवसांनी, कधी दहा. आलं की गल्लीतल्या निम्म्या घरांत टिल्लू पंप लागतात, शेवटच्या घराला फुसफुस हवा येते. शेवटचं घर आमचं. मग वीस लिटरचा कॅन विकत. त्या मुलाला सांगा, 'जमिनीखालचे ३० टक्के' लिहिलंस ना, ते गोड्याचे. जमिनीखाली एक खारा तुकडाही असतो, त्यात तुझी एक मावशी राहते.

तर्रीपोहे | २० एप्रिल, दुपारी २:१०

पूर्णामाय, दंडवत.

मी नागपूरचा, पेंचचं पाणी पिणारा, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसायला हवं. तरी एक भर घालतो. आमच्या शहराचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून रोज १३० दशलक्ष लिटर कोराडीच्या औष्णिक केंद्राला द्यायची योजना झाली. तेवढं धरणाचं गोडं पाणी वाचतं. उरलेली घाण घेऊन नाग नदी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाते, ते मात्र कोणी मिरवत नाही.

सातासमुद्रापार | २० एप्रिल, रात्री ११:५०

लहानपणी भूगोलाच्या सरांनी सांगितलं होतं, वरूड-मोर्शी म्हणजे विदर्भाचा कॅलिफोर्निया. आता खऱ्या कॅलिफोर्नियात राहतो, फ्रेस्नोजवळ. बदाम, द्राक्षं, संत्री. उपमा सरांना वाटली त्याहून जास्त खरी निघाली.

इथल्या सॅन होआकिन खोऱ्यात मेंडोटा गावाजवळचा एक जुना फोटो प्रसिद्ध आहे. एक भूवैज्ञानिक विजेच्या खांबाशेजारी उभा, आणि खांबावर वर्षांच्या पाट्या. सगळ्यात वर १९२५, पायाशी १९७७. म्हणजे १९२५ साली जमीन तिथं वर होती. बावन्न वर्षांत सुमारे २८ फूट खचली, कारण खालचं पाणी उपसलं आणि चिकणमाती दबली. ती जागा परत फुगत नाही, पाऊस कितीही पडो.

कायदा झाला २०१४ साली. भूजलाचा मेळ घालायची मुदत २०४० च्या आसपास. तोवर? तोवर ज्याच्याकडे पैसा तो अजून खोल जातो आणि मजुरांच्या वस्तीतल्या उथळ विहिरी आधी आटतात. म्हणजे @मृगबहार यांचं 'शेजारी नेतो' हे इंग्रजीतही असंच बोलतात.

(काळजी नको, तुमच्या दगडात जमीन अशी खचत नाही. काळा_कातळ काका, बरोबर ना?)

काळा_कातळ | २१ एप्रिल, सकाळी ६:०५

बरोबर. दगड आहे, दबत नाही. आपली अडचण उलटी. त्यांची तिजोरी मोठी होती, ती मोडली. आपल्याकडे मुळात तिजोरीच नाही, खिसा आहे. भरतोही लवकर, रिकामाही लवकर.

आखाती_पुसदकर | २१ एप्रिल, सकाळी ९:३०

रियाधहून. खोल बोअरचा शेवट पाहायचा तर इथं या. सौदीने वाळवंटाखालचं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी उपसून गहू पिकवला. ऐंशीच्या दशकात देशाला पुरून उरला, निर्यात केला. मग पाणी खाली खाली जायला लागलं. २००८ मध्ये ठरवलं, सरकारी गहू खरेदी हळूहळू बंद. २०१६ ला पूर्ण थांबवली. आता बराचसा गहू जहाजानं येतो. आम्ही विदर्भातले इथं वातानुकूलित खोलीत बसून त्याच्या पोळ्या करतो.

पुण्याचा_पाहुणा | २१ एप्रिल, सकाळी १०:१०

मला एक कळत नाही. विदर्भात पाऊस मराठवाड्यापेक्षा बराच जास्त. मग नियोजनाचा अभाव, दुसरं काय? शिवाय कापसासारखं पीक! एक किलो कापसाला भारतात २२,५०० लिटर पाणी लागतं असं वाचलंय. जागतिक सरासरी १०,००० लिटर. पीकबदल नको का?

पऱ्हाटी | २१ एप्रिल, सकाळी १०:४५

आले बाप्पा पुण्याहून. भाऊ, आमच्या पऱ्हाटीले आम्ही कधी पानी देल्लं सांगा बरं? यवतमाळ जिल्हा हाये, कोरडवाहू. जे पडते ते वरतून पडते. नाई पडलं तं आम्ही बी पडतो. २२ हजार लिटर कुठून आनलं आम्ही, तुमच्या खडकवासल्यातून?

अन् उन्हाळा पाहाचा असंल तं २०१८ चा पाहा. निळोना अन् चापडोह दोन्ही धरनं आटले होते. यवतमाळ शहरात लोकं रातभर टँकरची वाट पाहून राह्यले होते. जिल्ह्याच्या ठिकानी! तवा कापसानं पेलं व्हय ते पानी?

आकडेमोड | २१ एप्रिल, दुपारी १२:३०

दोघेही थोडे बरोबर. आकडा खोटा नाही, पण तो नळाचा आकडा नाही.

पिकाच्या पाण्याचा हिशेब करणारे पाण्याला रंग देतात. पावसाचं, मातीत मुरलेलं ते हिरवं. नदी, धरण, विहिरीतून उचललेलं ते निळं. २२,५०० मध्ये दोन्ही आहेत. पऱ्हाटी यांचं जवळपास सगळं हिरवं.

कागदावर करून पाहा. एका एकरावर ६०० मिलिमीटर पाऊस पिकानं वापरला तर ते सुमारे २४ लाख लिटर झाले. एकरी सहा क्विंटल कापूस आला, जिनिंगनंतर रुई दोन क्विंटल निघाली, तर किलोला १२,००० लिटर. आता बोंडअळी आली आणि चारच क्विंटल उतरला. पाऊस तोच, शेतकऱ्यानं एक थेंब जास्त घेतला नाही, पण आकडा झाला १८,०००. म्हणजे हा आकडा पाण्याची उधळपट्टी जेवढी सांगतो त्यापेक्षा जास्त उतारा किती कमी ते सांगतो. गरीब शेतकरी कागदावर पाणीखाऊ दिसतो तो असा.

निळ्या पाण्याचा कापूस पाहायचा तर अरल समुद्र. सोव्हिएत काळात, १९६० नंतर, अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या कापसाच्या कालव्यांकडे वळवल्या. जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. २००७ पर्यंत जेमतेम दहावा हिस्सा उरला. मासेमारीच्या होड्या वाळूत उभ्या आहेत.

आणि जगात उचललं जाणारं सुमारे ७० टक्के गोडं पाणी शेतीला जातं. भारत तर एकटा अमेरिका आणि चीन यांच्या बेरजेपेक्षा जास्त भूजल उपसतो. २००२ मध्ये सोडलेल्या उपग्रहांच्या जोडीनं वायव्य भारताखालचं पाणी घटतंय हे वरूनच, गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून, मोजलं होतं. आपण गावात मात्र विहिरीत दोरी टाकून पाहत नाही.

पऱ्हाटी | २१ एप्रिल, दुपारी १२:४४

हिरवं निळं समजलं. आता कोनी तरी आमच्या कापसाच्या भावाचा रंग सांगा.

मामातलाव | २१ एप्रिल, रात्री ८:२०

भंडाऱ्याहून. इथं बेसॉल्ट नाही, पाऊसही तुमच्याहून जास्त. पण 'शेजारी नेतो' यावर आमच्याकडे एक जुनी तोड होती ती सांगतो.

आमच्या चार पूर्वेकडच्या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. मामा तलाव म्हणतो आम्ही. गोंड राजांच्या आश्रयानं बांधले गेले, त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. पाळ, तिच्यातून पाणी काढायचं तुडुम, खाली धानाच्या बांध्या. मुख्य म्हणजे पाणकर. तुडुम तो उघडणार, कोणाच्या बांधीत किती वेळ ते तो पाहणार. मालगुजाराच्या पुतण्यालाही पाळी मोडता येत नसे, असं आजा सांगायचा. (आजा स्वतः पुतण्याकडचा, त्यामुळे थोडं कमी-जास्त धरा.)

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते चांगलंच. पण त्याबरोबर पाणकर गेला. आता तलाव जिल्हा परिषदेचा, मासे संस्थेचे, गाळपेर (आटलेल्या तळातली शेती) पुढाऱ्याची, आणि दुरुस्ती कोणाचीच नाही. आमच्या तलावात अर्ध्या पात्रात बेशरमाची झुडपं वाढलीत. तुडुमाला सिमेंटचं दार बसवलं, ते पहिल्याच पावसाळ्यात अडकलं. मागच्या वर्षी पोरांनी पहारीनं फोडलं तेव्हा पाणी उतरलं.

पुण्याचा_पाहुणा | २१ एप्रिल, रात्री ९:००

@आकडेमोड धन्यवाद, हे माहीत नव्हतं. @पऱ्हाटी, सॉरी.

पण मग वैनगंगेचं जास्तीचं पाणी पश्चिमेकडे आणणं हाच उपाय ना? नदीजोड मंजूर झालाय ना?

तर्रीपोहे | २१ एप्रिल, रात्री ९:२५

झालाय. वैनगंगा-नळगंगा, गोसीखुर्दपासून बुलढाण्यापर्यंत, चारशे किलोमीटरच्या वर कालवा. आता गोसीखुर्दचं ऐका. भूमिपूजन १९८८, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटी. आज आकडा कित्येक हजार कोटींत, आणि शेवटच्या शेतापर्यंतच्या चाऱ्या अजून व्हायच्यात. माझ्या मामाच्या वावरातून कालवा गेला तेव्हा मामा चाळिशीत होता. आता नातू त्या कोरड्या कालव्यात क्रिकेट खेळतो. पीच उत्तम आहे.

सातासमुद्रापार | २१ एप्रिल, रात्री ११:१५

कोलोराडो नदीची गंमत सांगतो. १९२२ साली सात राज्यांनी वाटणी केली, दीड कोटी एकर-फूट (एकरभर जागेत फूटभर पाणी म्हणजे एक एकर-फूट). नेमकी मागची काही वर्षं जास्त पावसाची होती, त्यावरून आकडा धरला. नदीत एवढं पाणी सरासरीनं कधी नव्हतंच. आज बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोचत नाही. पण कागदावर अजून दीड कोटी वाहतंय.

पूर्णामाय | २२ एप्रिल, दुपारी १:४५

कालव्याची वाट पाहायला हरकत नाही, पण एक विचारू? या धाग्यावर खोली, इंच, लिटर सगळं मोजून झालं. हंडे कोण भरतं हे कोणी नाही मोजलं. धागाकर्ते दादा, तुम्ही लिहिलंत बायको काही म्हणत नाही. विचारलंत का?

संपादक मंडळ | २२ एप्रिल, सायंकाळी ५:३०

पुणे-विदर्भ वादाचे चार प्रतिसाद आणि एका पुढाऱ्यावरच्या तीन ओव्या उडवल्या आहेत. ओव्या चांगल्या होत्या. कृपया विषयाला धरून लिहा.

बोडीवाला | २३ एप्रिल, सकाळी ८:००

हिवरे बाजारचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? तिथं दर वर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती, मग उरलं तर कोणतं पीक. शेतीसाठी बोअर बंदच.

मृगबहार | २३ एप्रिल, सकाळी ८:२०

आलं, शेवटी आलं. पाण्याच्या प्रत्येक धाग्यावर हिवरे बाजार येते. भाऊ, तिथं ऐकणारं गाव होतं. आमच्या ग्रामसभेला कोरमसाठी चहा-भजी ठेवावी लागतात, भजी संपली की कोरम संपतो.

काळा_कातळ | २३ एप्रिल, सकाळी ८:५०

मग भजी जास्त करा. थट्टा नाही करत. पाण्याचा ताळेबंद मला शंभर गावांत नको, एका ओढ्यावरच्या दहा विहिरींचा चालेल. १८८२ च्या कायद्यापासून आपण धरून चाललोय की जमीन माझी तर खालचं पाणी माझं. पण भेगेला सातबारा कळत नाही. तुमची ८७० फूट आणि शेजाऱ्याची १०५० फूट एकाच भेगेत असू शकतात.

धागाकर्त्याला माझं स्पष्ट उत्तर: चौथी मारू नका. त्या पैशात विहिरीचा गाळ काढा, ओढ्याचं पाणी गाळणीतून घेऊन पुनर्भरण करा, ठिबक दुहेरी करा, आच्छादन टाका. अर्धी बाग मृगावर न्या. मे मध्ये ती तशीही ताणावर, म्हणजे पाण्याविना, राहील. हो, जूनचा पाऊस चुकला तर मार बसेल, @मृगबहार म्हणतात ते खरं आहे. पण अर्ध्याच बागेला बसेल.

धुऱ्यावरचा | ४ मे, रात्री १०:२०

उशिराबद्दल माफी. सगळं वाचलं, काही दोनदा.

पूर्णामाय, विचारलं. ती म्हणाली, "दोन वर्षांपासून म्हणून राह्यली, नाल्याकडची शंभर झाडं सोडा. तुम्ही ऐकाल तर ना." ती झाडं डिंक्या रोगानं तशीही बसत चालली होती, मला दिसत होतं. मोठ्या झाडाला या दिवसांत दीडशे लिटर तरी लागते. चारशेला रोज साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे सहा टँकर. हा गुणाकार मी सतरा वर्षांत कधी केला नव्हता. शंभर झाडं सोडली. कुऱ्हाड मी नाही लावली, वडिलांनीच लावली.

आकडेमोड यांच्या टोमण्यावरून पोरानं प्रकल्पात वेगळंच केलं. नायलॉनच्या दोरीला गाठी मारल्या, खाली दगड बांधला, आणि आजोबासोबत रोज सकाळी विहिरीत सोडतो. वहीत लिहितो. सहाव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की रात्रीची लाइन असते आणि शेजारच्या काकाची बोअर चालते, त्या सकाळी आपली विहीर वीतभर जास्त उतरते. लाइन नसली की नाही. वही घेऊन शेजाऱ्याकडे गेलो. भला माणूस आहे, चहा पाजला, वही नीट पाहिली. म्हणाला, "मग तुझी बोअर चालते तेव्हा माझ्या विहिरीचं कोण लिहिते?" याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे. दुसरी दोरी करून त्याच्या विहिरीला दिली. त्याचा नातू आता लिहितो, कधी विसरतो.

चौथी मारली नाही. एजंटला नाही म्हटलं. तो इथून निघाला आणि आज संध्याकाळी गाडी घेऊन शेजाऱ्याकडेच आला. हे लिहितोय तेव्हा घरघर ऐकू येतेय.

मृगबहार | ४ मे, रात्री १०:३१

सांगितलं होतं.

पूर्णामाय | ४ मे, रात्री १०:४०

वहिनींना नमस्कार सांगा.

बोडीवाला | ४ मे, रात्री १०:५२

दोरीला गाठी किती अंतरावर मारल्या? आमच्याकडेही करायचं आहे.

धुऱ्यावरचा | ४ मे, रात्री ११:०५

फुटाफुटावर. दर दहावी गाठ लाल दोऱ्याची, नाहीतर मोजताना चुकते. आज सकाळी अडतिसावी ओली आली. नायलॉनच घ्या, सुती दोरी ओलीनं आखडते.